दहावीची उजळणी : पुन्हा वाचू नका, न बघता लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी लागला की नाशिकच्या बहुतेक शाळांत दहावीचा अभ्यासक्रम संपत आलेला असतो. पूर्वपरीक्षा होते आणि 'आता घरी बसून उजळणी करा' असे सांगून मुलांना मोकळे केले जाते. उजळणी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मूल पुस्तक उघडते, पहिल्या पानापासून वाचू लागते, पिवळ्या पेनाने ओळी रंगवते, गाईडमधली उत्तरे दोनदा नजरेखालून घालते. घरच्यांनाही वाटते, अभ्यास जोरात चालू आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पेपर सुरू होईपर्यंतचे पाच-सहा आठवडे दहावीच्या वर्षातले सर्वांत मोलाचे, आणि त्यातले कितीतरी तास असे नुसत्या वाचनात जातात. आम्ही दहावीला गणित, विज्ञान आणि भाषा शिकवतो. मुले, पालक आणि शाळा या तिघांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

धडा दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. ओळखीचा वाटला की 'हे येतं मला' असे मूल धरून चालते. पेपरात मजकूर समोर नसतो. तिथे कोऱ्या पानावर आठवून लिहायचे असते, आणि ते काम वेगळे आहे. याची चाचणी झालेली आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा चार सत्रे नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रे न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. 'रात्री सगळं येत होतं, पेपरात काहीच आठवलं नाही' असे मूल सांगते तेव्हा ते बहाणा करत नसते. रात्री खरोखरच येत होते. फक्त ते टिकणारे नव्हते.

म्हणून उजळणीतला निम्म्याहून अधिक वेळ पुस्तक मिटलेले असले पाहिजे. हे प्रत्यक्षात कसे करायचे ते विज्ञान भाग १ मधल्या 'उष्णता' या पाठावर पाहू. पाठ एकदा सावकाश, समजून वाचावा, साधारण अर्धा तास. मग पुस्तक मिटून दूर ठेवावे आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटे जे आठवेल ते लिहावे : अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण, होपचे उपकरण, दवबिंदू, विशिष्ट उष्माधारकता. नुसते शब्द लिहून थांबू नये. बर्फ वितळत असताना उष्णता देऊनही तापमान ० अंशावरच का राहते, होपच्या उपकरणात वरचा आणि खालचा तापमापी काय दाखवतो, ते कारणासकट लिहावे. आकृती हाताने काढावी. सुरुवातीला चार-पाच मुद्द्यांवर गाडी अडते. तिथेच पुस्तक उघडायचा मोह होतो आणि तो आवरायचा असतो, कारण आठवायला धडपडण्याच्या त्या दोन मिनिटांतच खरे काम होते. दहा मिनिटे संपल्यावर पुस्तक उघडावे आणि जे राहिले, जे चुकले ते लाल शाईने त्याच कागदावर भरावे. वितळण्याचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी आणि बाष्पनाचा ५४०, यांची अदलाबदल झाली असेल तर तीही लाल शाईनेच दुरुस्त करावी. पुढच्या खेपेला पाठ सगळा वाचायचा नाही. तो लाल भागच आधी आठवून पाहायचा. कागदावर तारीख टाकून ठेवली की तिसऱ्या खेपेस लाल शाई किती कमी झाली ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आत्मविश्वास वाढवायला एवढे पुरते.

या पद्धतीत बिघडते ते एकाच ठिकाणी. पहिल्या दोन दिवसांत कागद निम्मा कोरा राहतो, मूल घाबरते आणि 'माझा अजून एकही धडा झाला नाही' म्हणत पुन्हा वाचायला बसते. पहिल्या खेपेस निम्मेच आठवणे हे ठरलेलेच आहे, ही गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी आधीच सांगून ठेवायला हवी.

आता किती दिवसांनी काय पुन्हा करायचे. हरमन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचे. एका दिवसानंतर श्रमांची बचत एक तृतीयांशाच्या आसपास उरली होती, पण त्यापुढे उतार मंदावला. समजून वाचलेला धडा इतक्या वेगाने विसरत नाही, तरी सुरुवातीला भराभर आणि मग हळूहळू हा क्रम तोच राहतो. यावरून एक साधे वेळापत्रक निघते. सोमवारी सकाळी केलेला पाठ सोमवारी रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे न बघता आठवावा. मग बुधवारी, मग पुढच्या सोमवारी, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी. चार खेपा मिळून जेमतेम पाऊण तास लागतो. तोच पाऊण तास एका दिवशी सलग घालवला तर महिनाभराने हाती फार थोडे राहते. एका विषयाला सलग चार दिवस देऊन 'इतिहास संपवला' म्हणणाऱ्या मुलांचा इतिहास पेपरापर्यंत बहुतेक वाहून जातो, त्याचे कारण हेच.

व्याख्या, सनावळ्या, सूत्रे, संयुगांची नावे, भारत आणि ब्राझीलच्या तुलनेतले मुद्दे यांसाठी कार्डे करावीत. विकतची नकोत. पाठकोरे कागद किंवा जुन्या लग्नपत्रिका कापून हाताएवढ्या चिठ्ठ्या कराव्यात, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. एका कार्डावर एकच प्रश्न. 'धातुविज्ञान – महत्त्वाचे मुद्दे' असे लिहून मागे बारा ओळी भरल्या तर ते कार्ड राहत नाही, छोटे गाईड होते. तीन खोकी किंवा तीन लिफाफे घ्यावेत : रोज, तीन दिवसांनी, आठवड्याने. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या लिफाफ्यात जाते. चुकले की, कुठल्याही लिफाफ्यातले असो, परत 'रोज'मध्ये येते. जर्मनीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली ही युक्ती आहे आणि तिला मोबाइलही लागत नाही. दिवसाला पंधरा-वीसच नवी कार्डे करावीत. एका रविवारी दोनशे कार्डे करणारे मूल ती पुन्हा उघडत नाही. उत्तर तोंडाने पूर्ण बोलल्याशिवाय कार्ड उलटायचे नाही. मनातल्या मनात 'हां, माहीत आहे' म्हणून उलटले तर ते पुन्हा वाचणेच झाले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याला विज्ञान-गणित येत नाही, म्हणून मुलाच्या अभ्यासात आपला काही उपयोग नाही, असे पुष्कळ आई-वडील मानतात. कार्डे घेऊन प्रश्न विचारायला विज्ञान यावे लागत नाही. मागे लिहिलेले वाचता आले की झाले. निफाड-दिंडोरीकडे ऐन पेपरांच्या दिवसांत द्राक्षांची काढणी असते. बागेतून दमून आलेली आई रात्री दहा मिनिटे वीस कार्डे विचारू शकते. 'किती झालं?' या प्रश्नाने मुलावर ओझे वाढते. 'आज न बघता काय लिहिलंस, दाखव' हा प्रश्न कामाचा.

गणिताचे दुखणे वेगळे आहे. आपल्या पुस्तकात सरावसंच प्रकरणवार आहेत. त्रिकोणमितीचा सरावसंच सोडवताना उदाहरण त्रिकोणमितीचेच आहे हे आधीच ठाऊक असते. कोणती रीत वापरायची हा प्रश्नच पडत नाही. भूमितीच्या पेपरात काटकोन त्रिकोणाची आकृती समोर येते तेव्हा पायथागोरस, समरूपता की त्रिकोणमिती हे मुलाला ठरवावे लागते, आणि तेवढ्याचाच सराव कधी झालेला नसतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनाकृतींच्या घनफळांवर असा प्रयोग केला. एकेका प्रकाराची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांनी सरावाच्या वेळी ८९ टक्के बरोबर सोडवली, सरमिसळ सोडवणाऱ्यांनी ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांना २० टक्के जमली आणि सरमिसळवाल्यांना ६३ टक्के. सरमिसळ सराव करताना चुका जास्त होतात, वेग कमी पडतो आणि आपण मागे पडलो असे वाटते. तरीही तोच सराव कामी येतो. करायचे इतकेच की पाठ एकदा समजून झाल्यावर रोज बारा उदाहरणे वेगवेगळ्या प्रकरणांतून निवडायची, बीजगणिताची सहा आणि भूमितीची सहा. निवड भावंडाने किंवा मित्राने केली तर उत्तम. प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी समासात एका ओळीत लिहायचे : कोणती रीत आणि का. सोडवलेली उदाहरणे नुसती वाचून गणित येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी जानेवारीत निम्मी मुले तेच करताना दिसतात.

आणि चुकांची वही. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मुले फक्त एकूण गुण बघतात. त्याऐवजी गेलेला प्रत्येक गुण तीनपैकी एका खात्यात टाकावा : मुळात माहीत नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, आठवले पण लिहिताना चुकले. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला शिकणे हवे, शिक्षकांकडे जाऊन. दुसऱ्याला वर सांगितलेले आठवण्याचे काम. तिसऱ्याला त्या एका पायरीवर थांबण्याची सवय. तिसऱ्या खात्याची उदाहरणे अगदी ठरलेली असतात. क्ष² − ३क्ष − १० = ० या समीकरणात विवेचक (b² − 4ac) काढताना मूल ९ − ४० लिहिते, −३१ काढते आणि 'मुळे वास्तव नाहीत' असे उत्तर देऊन मोकळे होते. उणे चाराला उणे दहाने गुणले की चिन्ह बदलते; ९ + ४० = ४९, वर्गमूळ ७, मुळे ५ आणि −२. सूत्र पाठ होते, रीत बरोबर होती, चिन्हाने घात केला. भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर २५ सेंटिमीटर दिले असते आणि मूल १ भागिले २५ करून ०.०४ लिहिते. आधी मीटर करायचे असतात : १ भागिले ०.२५, म्हणजे ४ डायॉप्टर. वहीत अशी चूक, तिचे कारण आणि 'इथे थांबायचे' अशी खूण लिहून ठेवावी. बहुतेक मुलांच्या वहीत सात-आठ प्रकारच्या चुकाच पुन्हा पुन्हा येतात. पेपराच्या आदल्या संध्याकाळी वाचायची असेल तर ही वही वाचावी.

भाषांबद्दल थोडक्यात. मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, आणि उजळणीत सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो, कारण ते वाचून पाठ होत नाही. आठवड्याला एक पत्र, एक बातमी किंवा जाहिरात आणि एक निबंध घड्याळ लावून लिहावा आणि शिक्षकांना दाखवावा. बाहेरचे तयार निबंध पाठ करणे सोडून द्यावे. विषय जरा बदलला की पाठ केलेला निबंध अंगावर येतो.

मन लागत नाही ही तक्रार सगळ्यांची. मन लावण्याचे भाषण उपयोगी पडत नाही, मांडणी बदलावी लागते. बसण्याआधी कागदावर लिहावे : या ५० मिनिटांत नेमके काय. 'भूगोल करणे' हे काम फार मोठे आहे. 'ब्राझीलची प्राकृतिक रचना न बघता लिहिणे आणि नकाशा भरणे' हे काम झाले. पन्नास मिनिटे, मग दहा मिनिटे उठून चालणे, पाणी पिणे, फोन न बघता. अशा सहा बैठका दिवसाला पुरे. दिवसाची पहिली बैठक जुन्या पाठांसाठीच ठेवावी. फोन उलटा करून टेबलावर ठेवणे म्हणजे तो दूर ठेवणे नव्हे. तो स्वयंपाकघरात किंवा आईच्या पिशवीत असावा. व्हिडिओ बघून शिकायचेच असेल तर दिवसातली वीस मिनिटे ठरवावीत, एक संकल्पना बघावी आणि लगेच ती न बघता लिहावी. मधेच शंका आली तर फोन उचलायचा नाही. शंकांच्या यादीत लिहून पुढे जायचे आणि यादी संध्याकाळी एकदाच सोडवायची. मनात दुसरेच काही घोळत असेल, घरातले भांडण असो की मैत्रिणीचा अबोला, तर तेही त्याच कागदाच्या कडेला एका ओळीत लिहून ठेवले की थोडे बाजूला सरकते.

झोप हा चैनीचा भाग नाही. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे पुष्कळसे काम झोपेत होते, आणि या वयाला आठ ते दहा तास लागतात. रात्री दोनपर्यंत जागून तीन पाठ जास्त वाचले तर सकाळी अकराच्या पेपरात वाचलेला प्रश्न पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. बोर्डाचे पेपर सकाळी अकराला असतात, तेव्हा निदान शेवटचे तीन आठवडे अकरा ते एक हा वेळ सर्वांत अवघड कामाला द्यावा, म्हणजे त्या वेळी डोके चालायची सवय लागते.

आता दडपण. परीक्षेआधी छाती धडधडणे, हात गार पडणे, पोटात गोळा येणे हे शरीर कामाला तयार होत असल्याचे लक्षण आहे; ते आले म्हणून काही बिघडले असे नाही. नुकसान होते ते वेगळ्या वाटेने. आकडे, चिन्हे, पायऱ्या एका वेळी हाताशी धरून ठेवायची मेंदूतली जागा फार थोडी असते. 'जमेल का, घरी काय म्हणतील' हा विचार त्याच जागेत शिरतो आणि म्हणून येणारे गणित चिन्हावर चुकते. उपायही त्यावरूनच निघतात. पायऱ्या मनात न धरता कागदावर उतरवाव्यात. सुरुवातीलाच सूत्रे कच्च्या कामाच्या जागेत लिहून ठेवावीत. प्रश्नपत्रिकेवर किंवा प्रवेशपत्रावर मात्र काहीही लिहू नये. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असे पाच वेळा करायला एक मिनिटही लागत नाही. पण हे पहिल्यांदा परीक्षा केंद्रावर करून बघायचे नसते. घरी घड्याळ लावून सोडवलेल्या प्रत्येक पेपराच्या आधी केलेले असेल तरच ऐनवेळी हाताशी येते.

दडपणाची खरी सवय होते ती खऱ्यासारखे पेपर सोडवून. निदान दर दोन दिवसांनी एक पेपर, अकराच्या ठोक्याला, पलंगावर नाही, टेबलाशी. शक्य तर शेजाऱ्यांकडे किंवा वाचनालयात, म्हणजे अनोळखी बाकाचीही सवय होते. गणित भाग १ आणि भाग २ चे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे. २०२३ पासून शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळतात, पण ती सोडवण्याच्या हिशेबात धरू नयेत. दोन तासांत ४० गुण म्हणजे गुणाला तीन मिनिटे. सध्याच्या आराखड्यात पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्याला पंधरा मिनिटे. दुसरा १२ गुणांचा, अर्धा तास. तिसरा ९ आणि चौथा ८ गुणांचा, त्यांना अर्धा-अर्धा तास. पाचवा ३ गुणांचा, दहा मिनिटे. होतात ११५ मिनिटे. उरलेली पाच आणि वाढीव दहा तपासायला. चौथ्या प्रश्नातल्या चार गुणांच्या एका उदाहरणावर पंचवीस मिनिटे घालवून पाचवा प्रश्न सोडून येणारी हुशार मुले दरवर्षी दिसतात. नियम सोपा ठेवावा : चार मिनिटे एकही पायरी पुढे सरकली नाही की अर्धे पान मोकळे सोडून पुढे जायचे. आठवत नाही म्हणून थिजून बसण्यापेक्षा दुसरा प्रश्न घ्यावा. पहिला पुष्कळदा त्या वेळात आपोआप आठवतो.

प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना घरी सोडवतानाच पाळाव्यात. गणितात बहुपर्यायी प्रश्नाचे पहिलेच उत्तर तपासले जाते, खोडून दुसरे लिहिलेले धरत नाहीत, म्हणून तिथे आधी कच्चे काम आणि मग उत्तर. भूमितीत रचनेचे कंस पुसायचे नाहीत. आकृती सुबक दिसावी म्हणून खोडरबर फिरवणारे मूल हातचे गुण घालवते. विज्ञानाच्या उदाहरणात एकक लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही आणि आकृतीला नावे दिल्याशिवाय आकृती पूर्ण होत नाही.

पेपराच्या दिवसाबद्दल दोनच गोष्टी. केंद्रावर साडेदहाला दालनात असावे लागते, तेव्हा आदल्या दिवशी एकदा जाऊन केंद्र, जिना, स्वच्छतागृह बघून यावे आणि द्वारका चौकातल्या कोंडीचा अर्धा तास वेगळा धरावा. तालुक्यातून एसटीने येणाऱ्यांनी तर एक गाडी आधीची पकडावी. आणि दिलेल्या पेपराची उत्तरे दारातच ताडून बघू नयेत. त्याने गुण वाढत नाहीत, पुढचा पेपर मात्र बिघडतो.

काही मुलांचा ताण याच्या पलीकडचा असतो. आठवडाभर झोप नाही, जेवण सुटले, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलणे येते. तिथे वेळापत्रक बाजूला ठेवून आधी मुलाजवळ बसावे, डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जातेच असे नाही, हेही घरात पेपरांच्या आधीच मोकळेपणाने बोलले जावे.

हे सगळे मुलांवर सोपवून चालणार नाही. शाळांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून आठ दिवसांत मुलांच्या हाती द्याव्यात आणि एक तास वर्गातच चुकांची तीन खाती करून घ्यावीत. फेब्रुवारीच्या तोंडावर मिळालेली उत्तरपत्रिका काही उपयोगाची नसते. दुसरे, जानेवारीपासून प्रत्येक तासिकेची पहिली दहा मिनिटे मागच्या आठवड्याच्या आणि मागच्या महिन्याच्या पाठावर न बघता लिहायला द्यावीत. त्याला गुण देऊ नयेत, नाहीतर मुले एकमेकांचे बघून लिहितात आणि सगळाच उद्देश फसतो. तिसरी मागणी आम्हाला सर्वांत निकडीची वाटते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत एका खोलीत पाच माणसे राहतात, वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असतात, संध्याकाळी टीव्ही चालू असतो. त्या मुलांना कोणती पद्धत सांगणार? १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या शहरात शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद राहू नयेत. दोन वर्ग, संध्याकाळी सहा ते नऊ, दिवे, पिण्याचे पाणी आणि पाळीपाळीने थांबणारा एक शिक्षक किंवा पालक, यापेक्षा जास्त काही लागत नाही. मुली सुरक्षित घरी पोचतील अशी सोबतीची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

याच दिवसांत लग्नसराई असते. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. लॉन्सवाल्यांनी आणि मंडळांनी निदान परीक्षेच्या काळात तरी तो नियम स्वतःहून पाळावा. पाळला नाही तर रहिवाशांनी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर तक्रार करायला संकोचू नये.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. ज्या शाळा आणि अभ्यासिका संध्याकाळी वर्ग उघडे ठेवायला तयार असतील, त्यांची नावे, पत्ता आणि वेळ जानेवारीत दर रविवारी आपल्या शहराच्या पानावर छापावी. यादी पाठवण्याचे काम आम्ही करू.

आपले,
दहावीचे काही विषयशिक्षक, नाशिक